परगांवीं गेलेले शब्द

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात, “आमच्या घरीं रोज जेवतांना वाद होतो. सासरेबुवांचें म्हणणें, इंग्रजी ही संस्कृताचीच लेक. तिच्यांतला प्रत्येक शब्द आपल्याकडून गेलेला. इंग्रजी शाळेंत जाणारा आमचा मुलगा म्हणतो, आपल्याकडून इंग्रजीला कांहींच मिळालेलें नाहीं. आपणच सारें तिच्याकडून घेतों. दोघेही हट्टास पेटतात आणि आमटी निवून जाते. तरी इंग्रजींत गेलेल्या आपल्या शब्दांची एक यादी आपण छापावी, म्हणजे वाद मिटेल.”

यादी देऊं, पण नुसत्या यादीनें हा वाद मिटेल असें आम्हांस वाटत नाहीं. कारण नातवाची चूक आम्हीं आमच्या आयुष्यांत एकदां केली आहे आणि आजोबांचीही एकदां केली आहे. दोन्ही वेळां शब्द आमच्या समोरच होते. नव्हता तो त्यांचें कूळ तपासून पाहण्याचा धीर. म्हणून यादीच्या आधीं थोडी कबुली देतों.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत असूं, आणि शिक्षकांचा तुटवडा पडला कीं खालच्या वर्गांचें इंग्रजीही आमच्याकडे येई. आमची इंग्रजी विद्या मॅट्रिकापुरती; त्यामुळें ती शिकवितांना आमचा आवाज संस्कृताच्या तासापेक्षां अधिक चढा लागे. एके दिवशीं धड्यांत ‘मंगूज’ हा शब्द आला. आम्हीं फळ्यावर त्याचा अर्थ लिहिला, ‘मुंगूस’. तोंच मागच्या बांकावरील एक मुलगा हात वर करून म्हणाला, “सर, हा आपलाच शब्द दिसतो. त्यांनीं आपल्याकडून घेतला असेल.” आम्हीं विचारलें, “असें का? मग गाढव कोणाकडून घेतलें रे त्यांनीं?” सारा वर्ग खो खो हंसला. तेवढ्यानें आमचें समाधान झालें नाहीं. तास संपेपर्यंत आम्हीं त्याला बांकावर उभें केलें. इंग्रजीसारख्या भाषेनें मराठीपाशीं कधीं हात पसरला असेल, ही कल्पनाच आम्हांस उद्धटपणाची वाटली होती.

पुढें पांच-सहा वर्षांनीं गांवच्या ग्रंथालयांत दुसराच कांहीं शब्द शोधीत असतां ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा कोश आमच्या हातीं आला. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघा विद्वानांनीं हिंदुस्थानांतल्या इंग्रजांच्या बोलींत शिरलेले शब्द गोळा करून तो रचिला. बर्नेल १८८२ मध्यें वारले. ग्रंथ १८८६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याचें विचित्र नांवही एक उदाहरणच आहे. मोहरमच्या मिरवणुकींत छाती पिटीत ‘या हसन! या हुसेन!’ असा जो आक्रोश होतो, तो गोऱ्या शिपायांच्या कानीं पडून त्याचें ‘हॉब्सन-जॉब्सन’ झालें. परक्याच्या कानांतून गेलेल्या शब्दाचें काय होतें, तें संपादकांनीं ग्रंथाच्या नांवांतच दाखवून दिलें. तीं पानें चाळतां चाळतां आमची दृष्टि एका शब्दावर खिळली. तें आमचें मुंगूस! त्याचें मूळ आमच्याच दक्षिणेंत दाखविलेलें होतें. मुलाचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द मराठींतून, बहुधा पोर्तुगीजांच्या मुखावाटें, इंग्रजींत शिरला. म्हणूनच ‘गूज’चें, म्हणजे हंस पक्ष्याच्या नांवाचें, अनेकवचन ‘गीज’ होत असलें तरी ‘मंगूज’चें ‘मंगीज’ होत नाहीं. हंसाशीं त्याचें कांहींच नातें नाहीं. तें आपल्या शेताच्या बांधावरचें जनावर आहे.

शोधावें एक आणि सांपडावें दुसरेंच मोलाचें, अशा योगाला इंग्रजींत ‘सेरेंडिपिटी’ असा एक सुंदर शब्द आहे. होरेस वॉल्पोल या ग्रंथकारानें २८ जानेवारी १७५४ रोजीं लिहिलेल्या एका पत्रांत तो घडविला. ‘सेरेंडिपचे तीन राजपुत्र’ ही जुनी कथा त्याच्या वाचनांत आली होती. त्या राजपुत्रांना न शोधलेल्या गोष्टी सांपडत, म्हणून त्यानें अशा योगास त्यांच्या देशाचें नांव दिलें. हा सेरेंडिप कोणता म्हणाल, तर अरब व इराणी लोक सिंहलद्वीपाला ‘सरन्दीब’ म्हणत, तोच हा. म्हणजे मुंगूस ज्या योगानें सांपडलें, त्या योगाचें नांवही आपल्याच शेजारचें निघालें.

येथपर्यंत झाली नातवाची चूक. आतां आजोबांची ऐकावी.

त्या कोशानें आमच्या डोळ्यांत असें कांहीं अंजन घातलें कीं, आम्हांस जिकडे तिकडे संस्कृतच दिसूं लागलें. एका व्याख्यानांत आम्हीं ठणकावून सांगितलें कीं, इंग्रजांनीं ‘डॉटर’ हा शब्द आपल्या ‘दुहितृ’पासून उचलला, ‘नेम’ हा ‘नामन्’पासून, आणि रोख पैशाचा ‘कॅश’ हा ‘कर्ष’ या आपल्या जुन्या तोलापासून. टाळ्या पुष्कळ पडल्या. व्याख्यान संपल्यावर बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ जवळ आले आणि हलकेंच म्हणाले, “मास्तर, जन्मभर कॅश मोजली, म्हणून विचारतों. ही कॅश पेटीवरून आली असें आम्हीं वाचलें होतें.” घरीं येऊन आम्हीं शोध केला, तों गृहस्थांचें बोलणें बरोबर ठरलें.

इंग्रजींत ‘कॅश’ हे एकाच उच्चाराचे दोन निरनिराळे शब्द आहेत. एक दक्षिणेंतल्या बारीक नाण्याचें नांव. तमिळ ‘कासु’ हें त्याचें मूळ, व त्याचा संबंध संस्कृत ‘कर्ष’शीं लावतात. मद्रासेकडे १८१८ पर्यंत ८० कॅशांचा एक फणम् व ४२ फणमांचा एक होन असा हिशेब चाले. दुसरा शब्द म्हणजे आपण रोज म्हणतों ती ‘कॅश’. ती फ्रेंच व इटालियन भाषांतल्या पेटी या अर्थाच्या शब्दावरून आली. पेटीचें नांव पेटींतल्या पैशाला मिळालें, इतकेंच. आम्हीं दोघांना एकाच गोत्रांत घालून मोकळे झालों होतों!

‘डॉटर’ व ‘नेम’ यांच्या बाबतींतली चूक याहून निराळी आहे, आणि सासरेबुवांची चूकही बहुधा तीच असावी. सर विल्यम जोन्स यांनीं २ फेब्रुवारी १७८६ रोजीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत केलेल्या भाषणांत असा विचार मांडला कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्यांतील साम्य योगायोगाचें नसून त्या कोणा एकाच, कदाचित् आज लुप्त झालेल्या, भाषेपासून निघाल्या असाव्या. पुढें भाषाशास्त्रानें तो विचार पक्का केला. त्यामुळें ‘दुहितृ’ व ‘डॉटर’, ‘मातृ’ व ‘मदर’, ‘नामन्’ व ‘नेम’ हे एका पूर्वजाचे वंशज आहेत. चुलत भावाच्या घरीं आपल्यासारखाच तांब्या दिसला, तर तो त्यानें आपल्या घरांतून नेला असें कोणी म्हणत नाहीं. दोघांनाही तो पणजोबाकडून वांटणींत आलेला असतो.

तात्पर्य, दोन भाषांतले शब्द सारखे दिसले तर तीन शक्यता असतात. ते एका कुळांतले भाऊबंद असतील, एकानें दुसऱ्याकडून उसने आणलेले असतील, किंवा केवळ तोतये असतील. भाऊबंद हे मातापिता, अवयव, संख्या असल्या जुन्या व घरगुती शब्दांत सांपडतात. उसना शब्द बहुधा वस्तूबरोबर, व्यापाराबरोबर किंवा फौजेबरोबर प्रवास करतो, आणि त्याच्या वाटेवरचीं मुक्कामाचीं गांवें दाखवितां येतात. तोतयाला गांवेंच नसतात, नुसता चेहरा असतो.

आतां भगिनींनीं मागितलेली यादी. ती उसन्या शब्दांचीच देतों, आणि परगांवीं त्यांचा अर्थ कसा पालटला तेंही सांगतों.

पहिला मान खाटेचा. आपल्या घरोघरीं सुंभाची खाट जाऊन लोखंडी कॉट आली. ही ‘कॉट’ म्हणजे आपली ‘खाट’च, संस्कृत ‘खट्वा’. इंग्रजांनीं ती येथून नेली, तिचा ख-कार त्यांना पेलला नाहीं म्हणून क-कार केला, आणि आम्हीं जुनी खाट माळ्यावर टाकून तीच नव्या नांवानें विकत आणली. झोपणाऱ्याच्या पाठीला तेवढा फरक कळला.

शांपूची कथाही अशीच आहे. हिंदींत ‘चांपना’ म्हणजे दाबणें, चेपणें. ‘चांपो’ म्हणजे ‘चेपा’. तेलमालिश करणाऱ्याची चंपी ती हीच. प्रारंभीं इंग्रजींतही ‘शांपू’ म्हणजे अंग रगडणें असाच अर्थ होता. पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत ब्रायटन येथें वाफेचें स्नान व चंपी यांचें स्नानगृह चालविलें, आणि चौथ्या जॉर्ज राजाचे ‘शांपूइंग सर्जन’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढें त्या शतकाच्या उत्तरार्धांत अंग सुटलें आणि केस राहिले. आज बाटलीवरचें नांव वाचणाऱ्या मुलींना त्यांतली चंपी ऐकूं येत नाहीं.

‘शुगर’ ही शर्करा आणि ‘कँडी’ हा खंड. शर्करा याचा मूळ अर्थ वाळूचे किंवा दगडाचे बारीक खडे असा आहे. साखरेचे दाणे तसे दिसले म्हणून त्यांनाही तेंच नांव पडलें. इराणी व अरब व्यापाऱ्यांच्या तोंडून हे दोन्ही शब्द युरोपांत पोंचले. ‘ऑरेंज’ हा ‘नारंग’. तोही त्याच वाटेनें गेला, मात्र वाटेंत त्याचा आरंभीचा न-कार गळला.

‘जंगल’ या शब्दानें तर संस्कृत शिकलेल्या माणसाची गंमतच केली आहे. चरकसंहितेंत देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप व साधारण. आनूप म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, तुरळक झाडाझुडपांचा. जी जमीन नांगराखालीं नाहीं ती ओसाड, ओसाड तें रान, आणि रान म्हणजे झाडी, असा अर्थ आपल्याच भाषांत सरकत गेला. इंग्रजांनीं ‘जंगल’ उचललें तें या दुसऱ्या टोकाला. आज इंग्रजींत तो शब्द उच्चारतांच ओल्या, निबिड, सूर्यकिरण न शिरणाऱ्या अरण्याचें चित्र उभें राहतें. चरक ज्याला जांगल म्हणेल त्याच्या नेमकें उलट!

‘पंडित’ हा शब्द इंग्रजींत जाऊन आज दूरचित्रवाणीवर निवडणुकीचीं व क्रिकेटचीं भाकितें सांगणाऱ्यांना लागूं लागला आहे. पण त्या शब्दाला इंग्रजींत एकेकाळीं फार मोठी प्रतिष्ठा होती, आणि ती एका शाळामास्तरानें मिळवून दिली, हें सांगतांना आम्हांस किंचित् अभिमान वाटतो. कुमाऊंतील मिलम गांवचे नैनसिंग हे शाळेंत शिक्षक होते. तिबेटांत परकीयांना मज्जाव असल्यामुळें सर्वेक्षण खात्यानें त्यांना मोजणीचें शिक्षण देऊन गुप्तपणें पाठविलें, आणि कागदोपत्रीं त्यांचें नांव ‘पंडित’ एवढेंच ठेविलें. यात्रेकरूच्या वेषांत ते पावलें मोजीत चालले. त्यांच्या जपमाळेंत १०८ नव्हे, १०० मणी होते, आणि शंभर पावलांमागें एक मणी ते ओढीत. टिपणें प्रार्थनाचक्राच्या पोटांत दडविलेलीं असत. जानेवारी १८६६ मध्यें ते ल्हासास पोंचले. १८७७ मध्यें लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यांना सुवर्णपदक दिलें. बोलण्यापेक्षां मोजण्यावर भिस्त ठेवणारा असा पंडित आमच्या धंद्यांत होऊन गेला.

‘जगन्नाथ’ या नांवाचें काय झालें तें मात्र ऐकवत नाहीं. पुरीच्या रथयात्रेंत जगन्नाथाचा सोळा चाकांचा प्रचंड रथ भक्त दोरांनीं ओढतात. तो पाहिलेल्या व न पाहिलेल्याही युरोपीय प्रवाशांनीं, भक्त चाकांखालीं स्वतःला झोंकून देतात अशा कथा तिकडे पसरविल्या. त्यावरून ‘जगरनॉट’ म्हणजे वाटेंत येईल त्याला चिरडीत जाणारी निर्दय शक्ति असा अर्थ रूढ झाला. इंग्लंडांत तर अवजड मालमोटारीलाही तो शब्द लावतात. जगाचा नाथ जगाचा कर्दनकाळ झाला! शब्दाबरोबर ऐकीव गोष्ट गेली, आणि ती मूळ अर्थावर बसली.

आपल्या महाराष्ट्राच्याही एका गांवाचें नांव असेंच अडकलें आहे. नाशिकजवळच्या देवळालीस गोऱ्या फौजेची छावणी होती. मुदत संपलेले शिपाई विलायतेस नेणाऱ्या आगबोटीची वाट पाहत तेथें महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हानें, तापानें व रिकामपणानें कित्येकांचीं डोकीं फिरत. त्यावरून ‘डूलॅली टॅप’ असा शब्दप्रयोग निघाला. ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे ताप. आज तापाची शेपटी गळली, आणि नुसतें ‘डूलॅली’ म्हणजे वेडसर, एवढेंच उरलें. तो शब्द वापरणाऱ्या कितीक इंग्रजांना तें एका गांवाचें नांव आहे याची वार्ताही नसेल.

यादी वाचून सासरेबुवांस आनंद होईल. त्यांच्या त्या आनंदांत दोन खडे टाकणें आम्हांस प्राप्त आहे.

पहिला खडा असा. ‘जिंजर’ म्हणजे आलें. हा शब्द संस्कृत ‘शृंगवेर’पासून पालींतल्या ‘सिंगिवेर’सारख्या रूपानें ग्रीक व लॅटिन भाषांत जाऊन शेवटीं इंग्रजींत पोंचला. ‘शृंगासारखें ज्याचें वेर, म्हणजे शरीर, तें शृंगवेर’ असा विग्रह आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत सांगितला. परंतु भाषाशास्त्रज्ञांचें मत असें कीं, संस्कृतानेंच हा शब्द दक्षिणेंतून घेतला. आल्याला तमिळमध्यें ‘इंजि’ म्हणतात आणि ‘वेर’ म्हणजे मूळ, मुळी. परका शब्द संस्कृतांत आल्यावर त्याला शिंगें बसविण्यांत आलीं! आमच्या मुंगुसाचेंही तेंच. संस्कृतांत त्याला नकुल म्हणतात; ‘मुंगूस’ला मिळतीं रूपें आढळतात तीं कानडी व तेलुगूंत. म्हणजे इंग्रजांनीं जें आमच्याकडून घेतलें, तें आम्हींही शेजारच्या घरूनच आणलें होतें. ज्या भाषेनें कधीं कांहीं उसनें घेतलें नाहीं अशी भाषा आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

दुसरा खडा अधिक बोंचणारा आहे. इंग्रजींत ‘परायाह’ असा एक शब्द आहे. समाजानें वाळींत टाकलेला, ज्याच्याशीं कोणी संबंध ठेवीत नाहीं असा मनुष्य, हा त्याचा अर्थ. वृत्तपत्रें तो बहिष्कृत राष्ट्रांनाही लावतात. हा शब्द तमिळ ‘परैयर’ या जातीच्या नांवावरून आला. ‘परै’ म्हणजे ढोल. उत्सवांत व प्रेतयात्रेंत ढोल वाजविणाऱ्यांचें तें नांव. त्या लोकांना आम्हीं गांवाबाहेर ठेविलें, त्यांची सावली टाळली. परदेशी व्यापाऱ्यांनीं तें पाहिलें, आणि ‘सर्वांनीं दूर लोटलेला’ या कल्पनेसाठीं त्यांना आमच्याकडे एक तयार नांव सांपडलें. ‘कास्ट’ हा शब्द पोर्तुगीजांचा, त्याचें खापर आम्हीं त्यांच्यावर फोडूं शकूं. पण ‘परायाह’ आमच्या वागणुकींतून गेला. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. इंग्रजी कोशांतून तो शब्द मात्र अद्याप गेलेला नाहीं. आपण जगाला साखर दिली, हें सांगतांना हेंही दिलें, हें आपल्याच घरांत आधीं सांगितलें पाहिजे. आमच्या पिढींत तें कोणीं सांगितलें नाहीं. आम्हींही वर्गांत कधीं सांगितलें नाहीं.

असो. पत्रलेखिका भगिनींनीं ही यादी जेवणानंतर दोघांपुढें ठेवावी. सासरेबुवांस सांगावें कीं, शब्द गेले हें खरें, पण सगळे गेले नाहींत, आणि गेले ते सगळेच आपल्या भूषणाचे नाहींत. चिरंजीवांस सांगावें कीं, ज्या कॉटवर तो निजतो आणि ज्या शांपूनें तो डोकें धुतो, तीं नांवें येथूनच गेलेलीं आहेत.

राहतां राहिला तो मागच्या बांकावरचा मुलगा. गेल्या वर्षीं एका लग्नांत तो आम्हांस भेटला. आतां त्याचीही कानशिलें पांढरीं झालीं आहेत. वांकून नमस्कार करूं लागला, तेव्हां आम्हीं त्याला हातानें थांबविलें, मुंगुसाची गोष्ट काढली आणि चूक आमची होती असें चारचौघांत सांगितलें. तो थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, मुंगुसाचें मला कांहीं आठवत नाहीं. बांकावर उभा होतों एवढें आठवतें. त्यानंतर शाळेंत मीं कधीं हात वर केला नाहीं, तेंही आठवतें.”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आणि आजही सुचत नाहीं. चुकलेलें मूळ कोश पाहून दुरुस्त करतां येतें. त्या मुलाचीं शाळेंतलीं पुढचीं वर्षें आम्हांस दुरुस्त करतां येत नाहींत. म्हणून घरोघरच्या आजोबांना एवढीच विनंती कीं, नातवानें उद्यां एखादा शब्द उचलून “हा आपला का हो?” असें विचारलें, तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं “चल, पाहूं या” म्हणावें. मुलांनीं विचारलेले असे शब्द वाचकांनीं आम्हांस अवश्य कळवावे. पुढील अंकीं त्यांचा विचार करूं.